न्हाऊ घालणारीच्या शंका

कैरवान, १८ एप्रिल २०२१, सहावा रोजा

चि. रफीकास मन्नूबियाचे अ. आ. वि. वि.

फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्यात तू ओरडतेस, म्हणून बहिणी-बहिणींत कागदच बरा. सूसच्या शेअर गाडीवाल्या लझहरकडे खजूर भरलेल्या मकरूदचा डबाही दिलाय. रोजा सुटायच्या आत उघडू नकोस.

सूनबाईच्या, दलेंदाच्या, फोनवर माझ्या लशीचा निरोप आलाय. चोवीस तारीख, सकाळी दहा. तू नर्स आहेस, तूच सांग, सुईनं रोजा मोडतो का? इमामसाहेब मोडत नाही म्हणाले, पण त्यांचं वय बत्तीस, मी त्यांच्या आईच्या लग्नात जेवलेय. दलेंदा म्हणते ताप येतो. तापात पाणी प्यावं लागलं तर? बाळंतपणं सोडली तर माझा एक रोजा चुकलेला नाही. रक्तदाबाच्या गोळीवर लस चालते का? आणि ईदनंतर गेले तर काय बिघडेल?

या आठवड्यात मोहल्ल्यातल्या तीन बायकांना शेवटची आंघोळ घातली. तिन्ही घरांनी हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं.

दुवेत तुझं नाव असतंच.
मन्नूबिया

सूस, २० एप्रिल

ती. ताईस रफीकाचा सप्रेम सलाम. वि. वि.

अर्धे मकरूद अजून शिल्लक आहेत, यावरून माझा संयम ओळख.

सुई दंडात जाते, पोटात नाही. रोजा मोडत नाही. ताप आला तर त्या दिवशीचा रोजा सोड आणि नंतर भरून काढ, आजाऱ्याला ती मुभा आहेच. गोळी चालू ठेव. आणि ईदनंतर गेलीस तर बिघडेल, नक्की बिघडेल.

ताई, ती तीन हृदयं. तू काही भोळी नाहीस. कोरोनानं गेलेलं माणूस दवाखान्यातून पिशवीत बंद करून देतात, आंघोळ नाही की काही नाही. म्हणून लोक आजाऱ्याला घरीच ठेवतात आणि तुझ्यापाशी खोटं बोलतात. लस अंगात मुरेपर्यंत कुणाकडे जाऊ नकोस. मला तुझ्यासाठी भीती वाटते, सरळच लिहिते.

थोरलेपणाची माया असू दे, हट्ट नको.
रफीका

कैरवान, १९ मे

चि. रफीकास अ. आ. वि. वि.

ईदला गाड्या बंद होत्या, म्हणून उशीर. आता रागावू नकोस. चोवीसला मी सफसारीची नवी पांढरी चादर पांघरून निघालेही होते. जिन्यातच समोरची झोहरा रडत आली. तिची आई पहाटे गेली होती. मयत घरात ठेवून मी सुई टोचून घ्यायला जाऊ? आता नऊ जूनची तारीख मिळाली आहे.

लोक खोटं बोलतात ते मला कळतं गं. छाती कशी वर आलेली असते, ओठ कसे निळे असतात, ते माझ्याइतकं कोण बघतं? पण मी विचारलं आणि त्यांनी खरं सांगितलं, तर मला नाही म्हणावं लागेल. मग ती बाई न्हाल्याशिवाय मातीत जाईल. म्हणून मी विचारतच नाही. मास्क लावते, हातमोजे घालते. पलीकडच्या मोहल्ल्यातलीनं काम सोडलं, त्यामुळे तिथलंही माझ्याच गळ्यात आलंय. दलेंदा पाणी ओतायला येते. हात हलका आहे पोरीचा.

कामात स्वतःलाही जप.
मन्नूबिया

कैरवान, १३ जून

चि. रफीकास अ. आ. वि. वि.

घेतली बाई सुई! दंड थोडा दुखला, एवढंच. तुझ्या आरडाओरड्यापुढे ती काहीच नाही. मन्नूबियानं लस घेतली ही बातमी गावभर झाली, आणि आता तिला धोका नाही म्हणत तीन मोहल्ल्यांतून बोलावणी आली. चार दिवसांत पाच बायका झाल्या. आता मला काही होत नाही ना?

एक विचारायचं होतं. सुईनं खोकला येतो का? परवापासून येतोय. आणि काल अत्तारवाल्याशी माझं कडाक्याचं भांडण झालं. मयतीसाठी दिलेल्या कापराला वासच नाही. तो म्हणे त्याच्या डोळ्यांतून पाणी येतंय. दलेंदानंही त्याचीच बाजू घेतली. लबाड आहे मेला.

सवडीनं लिही.
मन्नूबिया

सूस, १४ जून

ती. ताई,

सलाम वगैरे राहू दे. सुईनं दंड दुखतो, ताप येतो. खोकला येत नाही, वास जात नाही. कापूर चांगला आहे, ताई. लस मुरायला दोन-तीन आठवडे लागतात आणि पुरा जोर दुसऱ्या सुईनंतर येतो. तू चौथ्या दिवशीच लिहिते आहेस.

आजच दवाखान्यात जा. दलेंदाला वेगळं झोपव. मयतीचं काम करणारी म्हणून तिचंही नाव लावून घेतलंय, एक जुलैची तारीख आहे. मला रजा मिळत नाही, रविवारी काहीही करून येते.

रफीका

कैरवान, १९ जून

चि. रफीकास आशीर्वाद.

उद्यापासून गाव बंद. येऊ नकोस, नाक्यावरूनच परतवतील. लझहरची ही शेवटची फेरी.

दवाखान्यात व्हरांड्यातही जागा नव्हती, परत आलो. चार ओळींना दम लागतो. मी गेले तर मला पिशवीतच देऊ दे. कुणी हात लावायचा नाही. दलेंदाला बजावलं, ती मान डोलावते पण ऐकत नाहीये. तू तिला लिही. चाळीस वर्षं मी कुणाला न न्हाता जाऊ दिलं नाही. मरणाचं भय नाही गं मला, तसं जायचं फार भय वाटतं. तरी सांगते.

तुझी
मन्नूबिया

कैरवान, २८ जून

ती. रफीकामावशींस दलेंदाचा सलाम. वि. वि.

सासूबाई गुरुवारी दुपारी घरीच गेल्या. फोनवर मला बोलवेना, म्हणून ऑक्सिजनच्या ट्रकवाल्याकडे हे पत्र देते आहे.

त्यांना हात लावू नकोस ही तुमची चिठ्ठी याच ट्रकवाल्याकडून मिळाली होती. दोनदा वाचली. पण मावशी, त्यांना पिशवीत घालायला माझे हात धजले नाहीत. दार लावून एकटीनं आंघोळ घातली, तीनदा पाणी आणि शेवटच्यात कापूर, त्यांनी शिकवलं तसंच सगळं. हातमोजे संपले होते. जो विचारायला आला त्याला हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं. तुम्ही हवं तेवढं रागवा, मी ऐकून घेईन.

आता लोक मला बोलावतात. शुक्रवारपासून चार घरी जाऊन आले, तिथल्या बायकाही पाणी ओतायला होत्या.

गुरुवारी माझी सुईची तारीख आहे. कालपासून अंगात कणकण आहे, रडून रडून असेल. ताप असताना सुई घेतलेली चालते का, तेवढं लवकर कळवा. उद्या सकाळी आणखी एका घरी जायचं आहे.

सासूबाईंच्या माघारी तुमचाच आधार.
दलेंदा