निळ्या चित्राखालची कविता

साताऱ्याच्या शाळेत आमचा चौथीचा वर्ग बाकांवर ताल धरून कविता म्हणत असे. तो आवाज मला या क्षणीही चालीसकट ऐकू येतो. यावरून माझी बुद्धी शाबूत असल्याचे समजावे. मी, श्यामकांत गणेश राजहंस, धंदा चित्रे काढणे आणि कविता करणे, राहणार बालीगंज, कोलकाता, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक माझी मुलगी आभा हिला. घर विकायचे तर खुशाल विकावे. फक्त खिडकीखालच्या फरशीवरचे रंगाचे डाग कोणाला घासायला लावू नयेत. तिच्या आईने, कुसुमने, जन्मभर घासले. गेले नाहीत.

२. पुस्तके इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयातील लीनाताईंना. शाळेची जुनी वाचनमाला वेगळी बांधली आहे. तिला रद्दी समजू नये. माझी खरी इस्टेट तीच.

३. चित्रेही आभाला. माझी रीत अशी की आधी कागदावर शाईने कविता लिहायची, ओली असतानाच कोणीतरी ती मोठ्याने म्हणायची, मग रंग चढवून झाकून टाकायची. नक्कल ठेवायची नाही. म्हणायचे काम अनिल दामलेचे. तो माझ्या बाकावरचा मित्र, पुढे इथेच खिदिरपूरच्या गोदीत कस्टममध्ये नोकरीला. सबंध वर्गाचा आवाज त्याच्या एकट्याच्या गळ्यात होता.

कुसुम गेल्यावर मी नदीकाठच्या बागबाजार घाटाचे निळे चित्र काढले. संध्याकाळी तिला तिथे बसायला आवडे. त्या निळ्याखाली काय लिहिले होते, ते मला आता आठवत नाही. पहिली ओळसुद्धा नाही. ती एकदा कानांवर पडावी, एवढीच इच्छा राहिली आहे. पण तिची तजवीज कोणत्या कलमात करावी, कळत नाही.

४. अनिल दामले यास काहीही देऊ नये. त्याच चित्रापुढे, मंडळाच्या गणपतीत, त्याने चारचौघांत विचारले, "झाकायचीच होती तर लिहिलीस कशाला रे, श्याम्या?" लोक हसले. तेव्हापासून बोलणे बंद आहे.

५. शेजारचे हेमंत फडणीस यांना आरामखुर्ची द्यायची होती. ते म्हणाले, "काका, ज्याला काही मिळतं त्यानं साक्ष द्यायची नसते. खुर्ची राहू द्या, मी सही करतो." दुसरा साक्षीदारही मराठी वाचणारा हवा, ही माझी अट, न वाचता कोणी सही ठोकू नये. आभा बाद, लीनाताई बाद. हेमंत कच्चा मसुदा चाळून म्हणाले, "काहीच न मिळणारा माणूस मी घेऊन येतो." आणि गेले.

आत्ताच बेल वाजली. हेमंतच्या मागे, काठी टेकत, धापा टाकत, अनिल.

"सही कुठे करू ते सांग," तो म्हणाला. "मला काही मिळत नाही, म्हणून तर आणलंय."

त्याची नजर भिंतीवरच्या निळ्या चित्राकडे गेली. चप्पलही न काढता तो तिथेच उभा राहिला आणि फरशीवर काठीने ताल धरून, शाळेच्या चालीवर म्हणू लागला. पहिल्या ओळीपासून. शब्द येथे उतरवीत नाही. रीत मोडायची नाही.

कलम ४ रद्द. निळे चित्र आभाला न देता अनिल दामले यास द्यावे.

लिहून ठेवणार: श्यामकांत गणेश राजहंस
साक्षीदार पहिला: हेमंत फडणीस
साक्षीदार दुसरा: जागा मोकळी. अनिलची सही आता चालणार नाही.

बालीगंज, कोलकाता
दि. १४ डिसेंबर २०२४