बाबांचं डावं पाऊल

बडोदे, मंगळवार संध्याकाळ

उद्या सकाळी बाबांचं डावं पाऊल कापणार. साखरेनं काळं पडलंय. थांबलात तर जीवावर बेतेल, डॉक्टर म्हणाले. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

बाबांनी एवढंच विचारलं, "कापल्यावर ते जाणार कुठे?"

"हॉस्पिटलवाले बघतील."

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "नाही बेबी. तुझ्या आईच्या कबरीत पुरायचं. शेवटच्या दिवशी सगळे उठतील, तेव्हा मी काय लंगडत उठू?"

चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले होते. म्हणाले, "मातीतून माणूस उठवणाऱ्या प्रभूला एक पाऊल जड आहे का?"

"जड नाही हो. पण त्याला शोधायला कशाला लावायचं?"

पाळकसाहेब हसले. मला हसू आलं नाही. वॉर्डातल्या सिस्टरबेनला विचारलं, तर म्हणाली, आधी सांगून ठेवा, बांधून देऊ. बांधून! जन्मभर मकरपुऱ्याच्या कारखान्यात मशीनसमोर उभं राहिलेलं पाऊल.

मग बाबा म्हणाले, थंडी वाजतेय, मोजे घाल. दोन्ही पायांत घातले. काळ्या पावलाला काही कळत नाही, तरी हळूच घातला.

दर रविवारी सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हणते की मेलेले देहानिशी उठतील. विश्वास आहे ना माझा? आहे. मग ही भीती कसली?

भीती त्या शेवटच्या दिवसाची नाहीच. उद्याची आहे. आईची कबर माझ्यासमोर उघडतील. तो मोजा घातलेलं पाऊल तिच्याशेजारी ठेवतील. आणि एकदा ते तिथे पोचलं, की उरलेले बाबा इथे माझ्याजवळ किती दिवस थांबतील?