चेंडू म्हणजे गठाण नव्हे

अमरावती, माळीपुरा
माघ वद्य पंचमी, शके १७८६

चिरंजीव सूर्यभान,

पत्राच्या डोक्यावर चिरंजीव लिहा लागते म्हणून लिहिलं. नाहीतर आज तुह्यासाठी माह्यापाशी दुसरे शब्द होते, ते पुढं येतीलच. अक्षर वाकडं आहे, पण हात माहा आहे. कोणाकडून लिहून घेतलं असतं तर त्यानं लाजेनं निम्मं गाळलं असतं, अन् मले नेमकं तेच निम्मं तुह्यापर्यंत पोचवायचं आहे.

तुहा देवीदास पौषात माह्या दारात उतरला. गाडीवानानं तुहा निरोप सांगितला, की पोट्ट्याले चेंडू सोडता येत नाही, त्याच्यापायी बाकीच्या पोट्ट्यांचा खेळ नासते, म्हणून काही दिवस आजीपाशी भाजी तोडू दे. म्हटलं, तोडू दे. भाजी तोडणं ही काही शिक्षा नाही, तूही तेच करत मोठा झाला. पण दोन-चार दिवसांनी विहिरीपाशी शेजारच्या गोदाबाईचे पोट्टे खेळून राहिले होते, अन् त्यांचा चेंडू घरंगळत काठावर बसलेल्या देवीदासच्या पायाशी आला, तर या पोट्ट्यानं विंचू दिसल्यावाणी दोन्ही पाय वर घेतले. दहा वर्षांचं पोरगं विंचवाले भेताना मी पाहिलं आहे, चेंडूले भेताना नव्हतं पाहिलं. सूर्यभान, हे तू काय करून ठेवलं?

विचारलं तर भाजीच्या वाफ्यात निघून गेला. मग एक दिवस मेथीच्या जुड्या बांधता बांधता आपणहून बोलला. म्हणे, बा सगळ्यांले रांगेत उभं करते. चेंडू पायाशी आला की एकच पाऊल, मग सोड. दुसरं पाऊल पडलं की बा ओरडते, तिसरं पडलं की पाठीवर फोक. अन् ह्याले तिसरं पाऊल टाकल्याबिगर राहवत नाही, म्हणून फोक बहुतेक ह्याच्याच वाट्याले. सांगताना गाऱ्हाणं केलं नाही, आज आभाळ आहे, उद्या नसेल, तसं सांगितलं. हातातली मेथीची जुडी मी इतकी आवळली की ती विकता आली नाही.

तुही अकोल्यातली कीर्ती मले ठाऊक आहे. तिकडून येणारा जो तो सांगून जाते. तू हमालांचा मुकादम, तुही रांग कापसाच्या गठाणी जशी हातोहात गाडीवर चढवते तशी कोणाचीच नाही. अन् काम संपलं की त्याच मैदानात हमालांचे पोट्टे गोळा करून तू त्यांलेही तसंच खेळवतं. ह्यानं त्याले द्यायचा, त्यानं पलीकडच्याले, चेंडू कोणाच्या पायाशी थांबला नाही पाहिजे. अन् असं करून पातूरच्या पोट्ट्यांले तुम्ही हरवलं. हरवलं तर बरं झालं. पण अरे, गठाण पुढं ढकलली जाते कारण ती कोणालेच नको असते. जड असते, अंगावर येते, दुसऱ्याच्या अंगावर गेली की आपण सुटलो. चेंडू तसा असते का? गठाण कधी वाकडी पळते का? समोरच्याच्या दोन पायांतून निसटून बघणाऱ्यांले हसवते का? तू पोट्ट्यांले खेळ शिकवून राहिला की हमाली? हमालीच शिकवायची तर लेकरांले मजुरी तरी देत जा.

अन् तू कुठं शिकला ते विसरला वाटते. रुळाच्या कामावरचे गोरे बडनेऱ्याकडं चामड्याचा चेंडू घेऊन आले, त्याच्या कितीतरी आधी तू अन् तुहा भाऊ केशव वाळलं कवठ पायानं हाकत आपल्या वाफ्यांमधून पळत होते. वरंब्यावर पाय पडला की पाठीत धपाटा बसे, म्हणून तुमचे पाय शहाणे झाले. बारं मोडाले, म्हणजे पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवाले, तू कधी फावडं घेतलं नाही. टाचेनं माती ओढायची, चवड्यानं दाबायची, पाणी अडवायचं, वाफा पिऊन झाला की मग पुढच्याकडं सोडायचं. आलं की सोडलं, आलं की सोडलं, असं केलं तर कोणता वाफा भिजते रे? पाणी नुसतं पळत जाते अन् मेथी वाळून जाते. हे मी तुले सांगावं? माह्या मळ्यात तुह्यासारखा बाऱ्यावरचा पोट्टा पुन्हा झाला नाही.

पण तुम्ही सगळे कापसाच्या मागं लागले. समुद्रापल्याड कोणाकोणाची लढाई जुंपली म्हणे, कापसाचा भाव चढला, अन् इथं शेजाऱ्यानं वांगी उपटून कपाशी लावली, पलीकडच्या मळ्यातल्या पंजाबरावानं झेंडू उपटून कपाशी लावली, बैलांच्या शिंगांले चांदी चढवली अन् आता कोथिंबीर मागाले माह्या दारात येते. गोदाबाईच्या पोट्ट्यांनी चेंडूत भराले मूठभर रुई घेतली, तर तिच्या नवऱ्यानं चेंडू उसवून रुई परत काढली. आता त्यात चिंध्या अन् पाला आहे. पोट्ट्याच्या चेंडूतली रुईसुद्धा ज्या लोकांले विकावी वाटते, त्यांच्यात राहून तुही अक्कल शाबूत राहील असं मले वाटलं होतं. चुकलं माहं.

आता केशवचं काढते. त्याचं नाव निघालं की तू विषय बदलतं, म्हणून मुद्दाम काढते. तुम्ही दोघं हमालीले होते त्या साली गाडीवर गठाण कलली तेव्हा केशव तुह्याच रांगेत, तुह्याच पुढं उभा होता. तू मागून सोड सोड ओरडला, त्यानं सोडली नाही, गठाणीसंगं खाली आला अन् पाय मोडून घेतला. तेव्हापासून तुह्या तोंडात सोड हा एकच शब्द राहिला. लोकं म्हणतात मुकादम झाल्यावर सूर्यभानचा आवाज वाढला. मी माय आहे, मले आवाज ओळखू येते. तो मुकादमाचा आवाज नाही, भेवाचा आहे. तुहं भेव तू सांभाळ, ते रांगेनं दुसऱ्यांच्या लेकरांले काहून वाटून राहिला? अन् ज्याचा पाय मोडला त्याले तरी एकदा विचार. केशव म्हणते, पडलो मी, अन् लोळून राहिला सूर्यभान. तो काठी टेकत मळाभर फिरते, मोटेच्या बैलांले शिव्या घालते, जेवाले बसला की भाकरी कमी पडते.

त्यानंच देवीदासच्या पायांले पुन्हा वळण लावलं. आधी चेंडूचं नावच काढलं नाही. फावडं लपवलं अन् पोट्ट्याले बाऱ्यावर उभं केलं. दोन दिवस पोट्ट्यानं पाणी कुठच्या कुठं सोडलं, माह्या पालकाचा चिखल केला. तेव्हा मी केशवले काय बोलली ते इथं लिहीत नाही. मग हळूहळू टाच बसाले लागली. एके सकाळी केशवनं एक वाळलं कवठ पाटाच्या काठावर ठेवलं अन् पाठ फिरवून बैलांकडं निघून गेला. पोट्ट्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, माह्याकडं पाहिलं. मी वांग्याच्या झाडात तोंड खुपसलं. पानांतून दिसत होतं. एक पाऊल, दुसरं पाऊल. तिसरं पडलं अन् तो जागीच थांबला, पाठ आकसून, फोक यायची वाट पाहत. मळ्यात कोणी नाही, बाप अकोल्यात, अन् पाठ आकसलेली. सूर्यभान, हे तू डोळ्यानं पाहाले पाहिजे होतं. फोक आली नाही. मग तो जो निघाला, वरंबे चुकवत, कवठ पायाले चिकटल्यावाणी, तो थेट बांधापर्यंत.

तू म्हणशील, म्हातारीनं पोट्ट्याले लाडावलं, आता तो कोणाले चेंडू देणार नाही. तसंही झालं, खोटं काहून सांगू? गोदाबाईच्या पोट्ट्यांत खेळाले लागला तर आधी ठेवूनच बसे. घेरला जाये, गमावून बसे, पोट्टे चिडत. केशवनं त्याले सगळ्यांदेखत गाढव म्हटलं. मी आडवी गेली नाही. गाढव म्हटल्यानं पाठ आकसत नाही.

मग मागल्या बाजाराले अंजनगावहून कापसाच्या गाड्या आल्या, संगं गाडीवानांचे पोट्टे. बाजार उठल्यावर मोकळ्या मैदानात खेळ मांडला, दोन्हीकडं दोन-दोन दगड. मी रिकामी टोपली घेऊन उभी राहिली. गोदाबाई म्हणे, म्हातारे, पोट्ट्यांच्या खेळात काय पाहून राहिली? म्हटलं, तुह्या नवऱ्याची रुई. देवीदासच्या पायाशी चेंडू आला. एकाले चुकवलं, दुसऱ्याले चुकवलं, मग ते धिप्पाड पोट्टे सगळेच त्याच्यावर धावले. मीसुद्धा मनात म्हटलं, आता सोड रे मेल्या. त्यानं सोडला नाही. आणखी जवळ येऊ दिलं. अन् पार अंगावर आले तेव्हा टाचेनं चेंडू अलगद बाजूले लोटला, जिथं गोदाबाईचा सगळ्यात धाकटा उभा होता, नाक गळणारा, ज्याले जन्मात कोणी चेंडू दिला नव्हता. त्यानं तो दगडांमधून घातला अन् स्वतःच इतका चकित झाला की खाली बसला.

घरी येताना मी विचारलं, त्याले काहून दिला? म्हणे, आजी, सगळे माह्याकडं आले होते, मग तो मोकळा झाला. बस, एवढंच. तुह्या रांगेतल्या पोट्ट्यांले चेंडू देता येते, पण काहून दिला हे विचारून पाहा. सांगतील, मुकादम ओरडला. देऊ नये असं मी कधी म्हटलं? पण आधी त्याच्या पायाशी त्याचा होऊ दे. जे त्याचं झालंच नाही ते तो देईल कसं? ते तर नुसतं पुढं ढकलणं झालं.

आता आज सकाळचं. गाडीवान नत्थुजी अकोल्याहून गाडी घेऊन आला अन् तुहा निरोप सांगितला. पातूरचे पोट्टे पुन्हा येऊन राहिले, रांगेत एक जण कमी पडते, तर देवीदासले ह्याच गाडीनं पाठव, पण एका पावलाची शपथ घालून पाठव. पोट्ट्यानं ऐकलं. रडला नाही, भांडला नाही. आपला सदरा गाठोड्यात बांधला, गाडीत जाऊन बसला अन् शपथ घ्याले माह्यापुढं हात केला. तो पुढं केलेला हात पाहिला अन् मी त्याले दंडाले धरून खाली उतरवलं. म्हणून हे पत्र. नत्थुजीच्या गाडीत तुले हे मिळेल, सूनबाई मैनासाठी वांगी मिळतील, पोट्टा मिळणार नाही. मैनाले सांग, लेकरू चांगलं जेवते, तिनं जिवाले लावून घेऊ नये, माहं भांडण तिच्याशी नाही. पोट्टा पाहिजे तर तू ये. मुकादमी तिकडंच ठेव, जोडे वेशीपाशी काढ, अनवाणी मळ्यात ये. देवीदासच्या पायाशी चेंडू असेल. तो त्याच्यापासून काढून घे. ओरडून नाही, फोकानं नाही, पायानं. घेता आला तर पोट्ट्याले खुशाल घेऊन जा, मी आडवी येणार नाही. केशव म्हणते तुले जमणार नाही. मी त्याले म्हटलं, जास्त बोलू नको, लहानपणी तुह्या पायातून कवठ कोण काढून नेत होतं? लवकर ये. कोणाच्या बाजूनं ओरडावं ते मले अजून ठरवता आलं नाही.

तुहीच माय,
पार्बता