पह्यलं 'नको' धराचं नसते

लोहारा, सोमवार

तीर्थस्वरूप मारोतमामा,

तुमच्या निशिगंधाचा लोहाऱ्याहून नमस्कार. (भाचीनं मामाच्या पाया पडू नये असं आई म्हणते, म्हणून नुसता नमस्कार, आशीर्वाद मात्र पूर्ण धाडा.) गुडघा कसा आहे? मामीची शुगर? सोयाबीन काढणीले आलं असन. फोन काहून नाई केला म्हणसान, तर तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आन् मंग माही खुशाली अख्ख्या पुसदले कळते. हे पत्र एकट्यानंच वाचा. मामीले वाचून दाखवलं तरी चालन, पण दार लावून.

मागच्या वेळी तुम्ही इचारलं होतं, पोरी, तू नेमकं करते काय. आईनं सगळ्याइले 'कॉम्प्युटरवर आहे' एवढंच सांगतलं, तर शेजारच्या मानीबाई माह्याकडे सातबारा काढाले आल्या. तसं नाई मामा. माणूस निर्णय कसा घेते, याचं गणित कॉम्प्युटरवर मांडाचं, हे आमचं काम. आमचे सर हैदराबादच्या एका विद्यापीठात बसून सूत्र बनवतात. मी आन् माह्या जोडीले देलेला अक्षय इकडे गावोगाव टॅब घेऊन फिरतो, लोकाइले त्यावर खेळ खेळवतो आन् त्याइनं काय दाबलं ते सराइले धाडतो. याले संगणकीय मानसशास्त्र म्हणतात. (बाबा याले टाइमपास म्हणतात.) नोकरी दिवाळीपर्यंतच आहे. त्यानंतर सराइनं पीएच.डी.ले हैदराबादले घेतलं तर माहं नशीब, नाई तर बाबा बी.एड.चं ठरवून बसलेच आहेत, आन् मले तर वर्गात उभं राह्याच्या नावानंच घाम फुटते. मले हैदराबादले जाचं आहे मामा. तुमच्यापासून कायले लपवू.

तर खेळ असा. टॅबवर एक हसरा माणूस येते आन् तुमच्यापुढं थोडे गुण धरते. पाह्यजे असन तर 'हो' दाबाचं, नसन तर 'नको'. गुण जमले की शेवटी स्टीलचा डबा. इतकं सोपं, की सर म्हणाले यात कोणी 'नको' दाबनच नाई. घाटंजीजवळच्या एका गावात आम्ही विमलताईच्या ओसरीवर बसलो. (या बाईनं मले सकाळपासून तीनदा जेवू घातलं, तो इषय वेगळा.) त्याइनं पह्यल्याच झटक्याले 'नको' दाबलं आन् हात मांडीवर ठेवून वाट पाहत बसल्या. हसरा माणूस गुण घेऊन चालला गेला. ताईचं तोंड एवढंसं झालं. म्हणाल्या, कसा माणूस आहे वं हा, एकदा इचारते आन् चालला जाते, याच्या घरी पाहुणे येत नाई काय? मी म्हटलं, ताई, डबा पाह्यजे तर 'हो' दाबा ना. तर म्हणे, पह्यल्यांदाच हो म्हटलं तर तो मले हावरट म्हणन. त्याइच्या दोन्ही जावांनी तेच केलं. घाटंजीच्या बाजारात शिलाई मशीन दुरुस्त करणारे मोहिउद्दीनचाचा बसले खेळाले, तर ते त्या हसऱ्या माणसालेच म्हणे, अरे नहीं भाई, पहले आप लो. अक्षयनं दिवसभर डोकं धरून ठेवलं.

आकडे हैदराबादले गेले आन् सराइचा घाबरून फोन आला. सूत्रानुसार पूर्ण तालुका संशयी, कडू स्वभावाचा आन् फुकटचंही न घेणारा निघाला होता. सराइले वाटलं आम्ही बटनं उलटी लावली. मंग मी त्याइले हिंदीत आग्रह समजावून सांगतला. आमच्याकडे पह्यलं 'नको' म्हणजे संस्कार, दुसरं 'नको' म्हणजे बसा, बोलू, आन् तिसऱ्याले ताट पुढं सरकते. त्यावर तुमचं उदाहरण देलं, की माह्या मामानं लग्नाच्या पंगतीत एका तहसीलदाराले दोन्ही हात पानावर आडवे असताना बोटाइच्या फटीतून बुंदी वाढली होती. सर लई वेळ हसले. मंग त्याइनं सूत्र बदललं. आता हसरा माणूस तीनदा इचारते, आन् तालुका एकदम गोड निघाला. विमलताईले डबा भेटला. (तोही त्याइनं पह्यले नकोच म्हटलं.)

बाकी सगळं ठीक आहे. काळजी नसावी. मामीले नमस्कार, तुमच्या समीक्षाले म्हणा अभ्यास कर.

तुमची,
निशिगंधा

ता. क. 'बाकी सगळं ठीक' हे पत्र आईच्या हाती लागलं तर म्हणून लिवलं. ठीक काही नाई. सूत्र जमलं त्या आनंदात सराइनं मले इचारलं, हैदराबादले येशील काय पीएच.डी.ले, जागा आहे, शिष्यवृत्ती आहे. मामा, माह्या तोंडून निघालं, "नो सर, इट्स ओके." मी थांबली. वाटलं, आता आणखी इचारतील. सर म्हणाले, मी तुझ्या निर्णयाचा आदर करतो, आन् फोन ठेवला. ज्या माणसानं आग्रहाचं सूत्र सोताच्या हातानं लिवलं, त्यानं ते माह्यावर लावलंच नाई. इंग्रजीत आग्रह नसते काय हो? दोन रात्री झोप नाई. सोताहून फोन करावा तर जीभ उचलत नाई, हावरट म्हणतील.

ता. क. २. सर पुढच्या बुधवारी नांदेडवरून इकडे येऊन राह्यले, म्हणजे पुसदवरूनच. त्याइले जेवाले घाला. रोडगे, वांग्याची भाजी, वरण, तूप, सगळं. ते 'नो, थँक यू' म्हणतील. तुम्हाले माहीतच आहे काय कराचं. पोट फुटाच्या बेतात आलं, की हळूच सांगा, आमच्या पोरीचं 'नो'ही असंच होतं.

ता. क. ३. तुम्ही पह्यले म्हणसान, मले हिंदी कुठं धड येते, एवढा मोठा माणूस, नको वं पोरी. ते मी धरलं नाई. सराइले मेसेजवर तुमचा पत्ता देऊन टाकला आहे.