पित्तावरचं तूप

धारूर, १५ सप्टेंबर २०२४

ती. सौ. सत्यभामाअक्कास शिवशंकरचा शि. सा. न. वि. वि.

पोळा होऊन गेला तरी पत्र नाही, याबद्दल माफ कर. फोनवर सांगितलं असतं, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि शेजारी दाजी.

अंगावर पित्त उठायचं अजून थांबलेलं नाही. शेवटच्या तासाला पाठभर लाल गांधी येतात आणि पोरांना गणित घालून मी दाराच्या चौकटीला पाठ घासतो. पित्तावर तूप घे, असं तू म्हणालीस म्हणून तुझ्या म्हशीचं, चंद्रीचं तूप मी रोज अनशापोटी घेत आलो. परवा बीडच्या त्वचेच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. नळी थोडा वेळ उभी ठेवली तर वर दुधासारखा पांढरा थर. तपासणाऱ्यानं विचारलं, की सर, भजी खाऊन आलात काय. मी रात्रीपासून उपाशी होतो, म्हणून जरा लागलं.

डॉक्टर म्हणाले, महिनोन्‌महिने पित्त उठणाऱ्या बऱ्याच जणांच्या रक्तात चरबी जास्त सापडते. एकामुळे दुसरं होतं का, हे अजून नक्की कळलेलं नाही. तेव्हा दोष तुपाचाच, असं मी म्हणू शकत नाही, आणि तुपाचा नाही असंही. रोज गोळी आणि तूप बंद, एवढं त्यांनी बजावलं.

अडचण तुला ठाऊक आहे. दाजी चंद्रीला विकू म्हणतात, तेव्हा शिवाचं औषध म्हणून तू त्यांना गप्प करतेस. तुझा डबा रिकामा कसा पाठवायचा, म्हणून मी सीताफळं भरतो. तूही रिकामा धाडत नाहीस. रोहिणी म्हणते, तुमच्या अंगावरचं पित्त आणि वन्संचा डबा, दोन्ही गेले म्हणेपर्यंत परत हजर.

या खेपेला तूप भरू नकोस. लोभ मात्र आहे तसाच दाट असू दे.

तुझा शिवा

आष्टी, २४ सप्टेंबर

चि. शिवास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी राग आला. त्या डॉक्टरनं चंद्रीचं तूप चाखलं तरी हाय का? तो खोटा पडावा म्हणून मी तुझ्या दाजींचं रक्त तपासून आणलं. तेच तूप ते तुझ्यापेक्षा जास्त खातात आणि अंगावर एक गांध न्हाई. तर त्यांच्याबी रक्तात चरबी जास्तच निघाली. तूप बंद करा, सकाळ-संध्याकाळ चाला, असं सांगितलं. हे तिथंच विचारून बसले, की कुठं जायचंच नसताना माणूस कशापायी चालंल.

आता त्यांना मोकळं रान मिळालं. तूप कुणी खायचं न्हाई तर म्हैस कशाला, म्हणतात. रविवारी व्यापारी येऊन नेणार. चंद्री एवढीशी वगार होती तेव्हापासून माझ्या हाताखाली हाय. तुझं लिहिलेलं ते ऐकतात. तू खोटं लिहिणार न्हाईस, पण उपयोगाचं खरं तरी लिही.

डबा माझ्याकडंच हाय. रिकामा पाठवायला मन होईना.

तुझी अक्का

धारूर, २६ सप्टेंबर

ती. बद्रीनाथ दाजींस सा. न. वि. वि.

अक्कानं सांगितलं म्हणून लिहितो आहे, हे लपवत नाही. तूप औषध आहे, असंही लिहीत नाही. तूप सोडून गोळी घेतोय तेव्हापासून खाज बरीच कमी आहे. श्रेय कुणाचं, ते मला ठरवता येत नाही.

पण कारणाशिवाय तुम्ही चालणार नाही, हे तुमच्या डॉक्टरांना माहीत नाही, मला आहे. चंद्रीला चारायला गडी नेतो, ते काम तुम्ही घ्या. ती दोन्ही वेळा निघते आणि कुठं जायचं ते तिला पक्कं ठाऊक असतं. दूध डेअरीला घाला. व्यापाऱ्याला महिनाभर थांबवा. पुढच्या तपासणीत फरक नसेल, तर मी पुन्हा मध्ये पडणार नाही.

राग नसावा, असलाच तर चालताना जिरवावा.

आपला शिवशंकर

आष्टी, २८ ऑक्टोबर

चि. शिवशंकर यास आशीर्वाद.

तुझं ऐकून फसलो. म्हैस माणसापरीस लई जोरात चालते, हे या वयात कळलं. पारावरचे विचारतात, कोण कुणाला चारायला निघालंय. मी सांगतो, डॉक्टरनं लिहून दिलंय.

परवा रक्त तपासलं. चरबी उतरली, पुरती न्हाई. तूप सोडल्यानं का चंद्रीमागं पळाल्यानं, ते तुझ्यासारखंच मलाही ठरवता येईना. काल व्यापारी पुन्हा आलता. त्याला म्हटलं, घरातलं औषध विकत न्हाईत. तुझी अक्का तेवढ्यात गोठ्यात जाऊन उगीच रडून आली.

डबा रिकामा पाठवायला तिचं मन होईना, म्हणून त्यात हे पत्र घातलंय. लोभ वाढव, वजन नको.

बद्रीनाथ

ता. क. माझं उद्याचं काम: चंद्रीला लांब दावं आणणे, आखूड दाव्यानं ती मला ओढते.