पेट्या करणारा मेलेला नाही

१४ तारीख, शुक्रवार

ती. बाबांना,

नमस्कार. मी बरी आहे. खोकला गेला. तुमचा गुडघा कसा आहे ते विचारत नाही. मागच्या रविवारी माझं दुकान टाळायला तुम्ही अख्ख्या बाजाराला वळसा घातलात, म्हणजे तो ठणठणीत असणार.

एकाच मैदानात दुकान मांडून बापाला पत्र लिहिते म्हणून लोक हसतील. हसू देत. मी समोर आले की तुम्ही तो पितळी कंदील पुसायला घेता. पत्र निदान वाचाल तरी.

काका तुमचा निरोप घेऊन आले होते. बिचारे आधी चहा प्यायले, मग घसा खाकरला, मग हवापाण्याचं बोलले. शेवटी म्हणाले, "दादा म्हणतो, त्या चिठ्ठ्या काढ. नाहीतर बाजाराच्या समितीला सांगून तुझी दुकानाची जागा काढून घेतो." माझ्या लाकडी पेट्यांवरच्या चिठ्ठ्यांत 'नवीन, मी केलेली' एवढंच लिहिलंय. जुन्या बाजारात ही शिवी समजतात, हे मला ठाऊक नव्हतं.

गिऱ्हाईक बिचकतं हे मात्र खरं. रविवारी एक नवरा-बायको आले. तिने पेटी उघडली, नवऱ्याला लाकडाचा वास घ्यायला लावला, मग चिठ्ठी वाचली आणि उष्टी असल्यासारखी खाली ठेवली. पुढे जाऊन तशीच पेटी तुमच्याकडून 'जुनी' म्हणून घेतली. तीही माझीच. तिला चहाच्या पाण्याने म्हातारं केलं, बिजागऱ्या मिठाच्या पाण्यात गंजवल्या, सुईने किडीची भोकं पाडली, तेही मीच. आपलेच दात, आपलेच ओठ. मी मनातल्या मनात हसले.

पोरीला धूळ सोसत नाही म्हणून ती वेगळी बसते, असं तुम्ही सगळ्यांना सांगता. मीही तेच सांगते. काकांनी खोदून विचारलं तेव्हा मी विषय बदलला. पण तुम्हाला सांगायलाच हवं, कारण मला वाटतं, काय झालं ते तुमच्या लक्षातही आलेलं नाही.

मी वेगळी बसायला लागले त्याच्या आधी एकदा मी तुमच्या दुकानात जेवणाचा डबा घेऊन आले होते. एक चष्मेवाले गृहस्थ पेटी उलटीपालटी करून बघत होते. तुम्ही रंगात आला होता. "पटाशीचे घाव बघा साहेब, उलट्या बाजूने आलेत. कारागीर डावखुरा होता. तो मेला आणि ही कलाच संपली. त्याला कुणी शिकवलं नाही, त्याच्यामागे कुणी शिकलं नाही."

मी डबा डाव्या हातात धरून उभी होते. तुम्ही म्हणालात, "ठेव तिकडे."

वय खोटं सांगितलंत याचा राग नाही. इथे येणाऱ्यालाही थोडं खोटं ऐकायचंच असतं. पण माझा हात, तुम्हीच मला शिकवलेला तो कोपऱ्याचा सांधा, सगळं उचलून तुम्ही कधी न जन्मलेल्या माणसाला देऊन टाकलंत. आणि मग त्याला मारूनही टाकलंत. मला फार लागलं, बाबा. अजून लागतं.

ते चष्मेवाले मागच्या रविवारी माझ्याकडे आले, बगलेत तीच पेटी. माझी एक नवी पेटी त्यांनी शेजारी ठेवली आणि दोन्हींचे चोरकप्पे उघडले. अगदी एकसारखे. मग त्यांनी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "त्या दुकानदाराची आता सगळ्यांसमोर लाज काढतो," म्हणाले.

मी नुसती बाजूला झाले असते तरी तुमचा तमाशा झाला असता. मी म्हटलं, "वय खोटं आहे, काम खरं आहे. ते माझं आहे. आणि मला शिकवलं त्या दुकानदारानेच. पेटी नको असेल तर मी परत घेते." त्यांनी पेटी उलटी करून माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाले, "नाव घाला." मी पेटीच्या तळाला माझं नाव कोरलं. भुसा त्यांनीच फुंकून उडवला.

शेजारच्या घड्याळवाल्याने हे सगळं पाहिलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत तुमच्या कानावर गेलंच असणार. काकांना उगीच नाही धाडलंत.

तर माझं उत्तर ऐका. चिठ्ठ्या निघणार नाहीत. जागा काढून घ्यायची तर खुशाल घ्या, पण समितीला कारण काय सांगाल? ही स्वतःचं काम स्वतःचं म्हणून विकते, हे? सांगा, मी तिथे येऊन ऐकेन. कुणाला घाबरून बसायला मी काही चोरी केलेली नाही.

तुमच्या दुकानात अजून माझ्या पेट्या आहेत. कुणी त्या घेऊन माझ्याकडे आलं तर मी प्रत्येकीवर नाव कोरणार. त्याखाली शिकवणाऱ्याचं नावही कोरेन. फक्त एकदा, एका तरी गिऱ्हाइकाला, तुमच्या तोंडाने सांगा: ही माझ्या मुलीने केली. तोवर माझ्या नावाखालची जागा कोरीच राहील.

इथे 'आपली आज्ञाधारक' असं लिहायची रीत आहे. पुष्कळ नव्या पेट्या मी जुन्या करून दिल्या, पण हे खोटं माझ्याने लिहवत नाही.

तुमची मुलगी,
तुमच्या दुकानातल्या सगळ्या पेट्यांची कारागीर