राणेकाकांच्या टाळूची प्लेट

२ जुलै, बुधवार
बसली नाही. मुलुंडच्या क्लिनिकमध्ये डॉ. मॅडमनी बोलावून दाखवलंच. राणेकाकांच्या वरच्या जबड्याचं कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, टाळूला भोक. ते बुजवणाऱ्या प्लेटचा धातूचा सांगाडा आमच्या डेंटल लॅबनं ओतलेला. मेणाचा नमुना तंतोतंत होता. धातू गार होताना आखडला.
काकांचं बोलणं सगळं नाकातून. काकी अर्थ सांगतात. काका दिंडोशी कोर्टात नावांचा पुकारा करायचे. काकी म्हणाल्या, "आता आवाज नाय म्हणान टेबलार बसवल्यानी."

३ जुलै
नितीन, माझा पार्टनर: "घास ना जरा. बसेल."
"उरलेले दात हलतील रे. मग प्लेट कशाला अडकवणार?"
मेणाभोवती केलेला साचा पुरता तापला नसणार. तापून तो जितका फुगतो, तितकंच धातूचं आखडणं भरून निघतं. भट्टीतून नितीननं काढला होता. मी नव्या सांगाड्याचं मेण काढायला घेतलं.

७ जुलै
या वेळी साचा जास्त तापवला. सांगाडा झकास बसला! मॅडम दात धरणारा हुक किंचित वाकवायला गेल्या आणि कट्. मुळाशी तुटला. आत पोकळी. काका तोंड उघडं ठेवूनच बघत राहिले.

८ जुलै
साचा गरम, त्यात धातूही जास्त तापवलेला. हुकाचं मूळ जाड, ते सगळ्यात शेवटी गोठलं. तोवर धातू आत येण्याची बारीक वाट गोठून बंद. आखडताना भर घालायला धातू मिळालाच नाही. माप सुधारायला गेले, आतून पोखरलं.
नितीन: "वाट लागली यार. दुसऱ्या लॅबला देऊ." मग तुटका हुक हातात घेऊन, "पहिला साचा मी लवकर काढला होता गं."
"माहितीये."
मग बसलो दोघं. साच्याची पावडर कालवायचा द्रव दाट घ्यायचा, म्हणजे घट्ट होतानाच साचा जास्त फुगेल, नुसत्या उष्णतेवर भिस्त नको. धातू बेतानंच तापवायचा. आत यायची वाट जाड, थेट हुकाच्या मुळाशी.

११ जुलै
ओतला. पाण्यात बुडवायला नितीनचे हात शिवशिवत होते. "आपोआप गार होऊ दे." चहा गार झाला, साचा नाही.

१८ जुलै
प्लास्टिकचा भाग चढवून आज प्लेट बसवली. काकांनी आधी पाणी मागितलं. प्यायले. नाकाखाली बोट लावून पाहिलं. कोरडं.
"इला नाय गो!"
मला स्पष्ट कळलं. काकींनी पदर तोंडाला लावला.
मॅडमनी बजावलं: रेडिएशननंतर जखमेची जागा अजून आखडतेय. ही प्लेट किती महिने बसेल, सांगता येत नाही. आणि इतक्यात ओरडायचं नाही. काकांनी शहाण्यासारखी मान हलवली.
मी चपला घालत होते, तेवढ्यात खालून रस्त्यावरून काकांची हाक. रिक्षावाल्याला. पहिली खणखणीत. दुसरी अर्ध्यात फाटली. तिसरीच्या वेळी बस आडवी आली, ऐकूच आली नाही.